कणगीतलं गणित आणि शेवळ्याचं विज्ञान

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला आपल्यापैकीच एका सभासदाचं व्याख्यान ठेवलं होतं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या एका सभासद भगिनींनी टेरेसवर केलेलं हे भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



या व्याख्यानमालेत आधी गुडघेदुखीवर भाषण झालं, मग म्युच्युअल फंडावर झालं. दोन्हींना गर्दी छान होती, कारण दोन्ही विषय आपल्या घरातले. माझा विषय प्राथमिक शाळेचा, तोही डहाणू तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेचा. तुम्हाला वाटेल, त्याचा आपल्या विरारच्या सोसायटीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. शेवटी सांगेन. सेक्रेटरींनी वीस मिनिटं दिली आहेत. माझी तासिका पस्तीस मिनिटांची असायची, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझी नोकरी ठाणे जिल्ह्यात लागली आणि पालघर जिल्ह्यात संपली. बदली झाली नाही, जिल्हाच बदलला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. आपण इथे राहायला आलो तेव्हा डहाणूपर्यंत लोकलही नव्हती, ती २०१३ साली सुरू झाली. सोमवारी पहाटे शटल पकडायची, पुढे एसटी, पुढे चालत. शनिवारी परत. आठवडाभर तिथेच गावात खोली घेऊन राहायचे. माझ्या मुलांना या सोसायटीतल्या कितीतरी काकूंनी जेवायला घातलं आहे, त्याचे आभार आज जाहीरपणे मानते.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. पहिली ते चौथी. शिक्षक दोन. मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरची, बहुतेक वारली, काही कोकणा, काही कातकरी. आणि सुरुवातीला जाणवायची ती शांतता. पहिलीतलं मूल बाकावर यायचं, खाली बघायचं आणि गप्प बसायचं. नाव विचारलं तरी बोलायचं नाही. एकदा वरून तपासणीला आलेले एक साहेब वर्गात पाच मिनिटं थांबले आणि मुलांच्या समोरच म्हणाले, "बाई, ही मुलं मंदच असतात. तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका."

तीच मुलं शाळा सुटली की वेगळी दिसायची. ओढ्यात दगडाखाली हात घालून खेकडा कसा धरायचा, म्हणजे नांगी लागत नाही, हे सात वर्षांच्या पोराला माहीत. कुठल्या झाडाचं लाकूड धुराशिवाय जळतं, कुठला पाला गुरं खात नाहीत, पाऊस लांबला तर आवण कसं वाचवायचं, हे सगळं माहीत. (आवण म्हणजे भाताची लावणीसाठी तयार केलेली रोपं.) मग हे मूल मंद कसं? मूल मंद नव्हतं, ते परक्या घरात पाहुणं म्हणून बसलं होतं. पुस्तकातली मराठी त्याच्या घरची नव्हती. त्याच्या घरी म्हाताऱ्या बाईला डोसी म्हणतात आणि चांगल्याला बेस. आपण त्याला म्हणायचो, "असं नाही, नीट बोल." त्याला कळायचं काय? की माझी आई नीट बोलत नाही.

यावर उपाय शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याच तालुक्यात तो आधी शोधून ठेवलेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकली असतील. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, तिथेच अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. अनुताई बालविधवा होत्या, हेही लक्षात ठेवा.

त्यांचा विचार साधा होता. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे. म्हणून पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडी. मूल गुरं राखायला जातं? मग गुरं चरतात तिथे कुरणशाळा. माँटेसरीबाईंची साधनं सुंदर, पण महाग. मग त्याऐवजी दगड, बिया, पानं, शिंपले, बांबूच्या नळ्या. १९७५ साली सरकारची बालविकास योजना देशभर सुरू झाली, तिच्यातलं अंगणवाडी हे नाव आज आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पण कोसबाडच्या बायांनी ते अंगण त्याच्या कितीतरी आधी झाडून, सारवून ठेवलं होतं.

आता आमच्या शाळेत आम्ही काय केलं ते सांगते. मोठी तत्त्वं सांगत नाही, चार धडे सांगते.

पहिला धडा भाषेचा. सकाळी एका मुलानं काल घरी काय झालं ते सांगायचं, त्याच्या घरच्या बोलीत. मी ते फळ्याच्या डाव्या बाजूला जसंच्या तसं लिहायचे. मग सगळ्यांनी मिळून उजव्या बाजूला पुस्तकाच्या मराठीत लिहायचं. डावीकडे डोसी, उजवीकडे म्हातारी. डावीकडे बेस, उजवीकडे चांगलं. खाली रेघ मारून कुणाला चूक म्हणायचं नाही. आपली बोली फळ्यावर खडूनं लिहिलेली पाहिल्यावर मुलं हसायचीच आधी. मग बोलायला लागली. मग डावीकडचं वाचायला लागली, कारण ते त्यांना पाठच होतं. आणि डावीकडून उजवीकडे यायला फार दिवस लागले नाहीत. वर्षाच्या शेवटी या पानांचं दोरीनं शिवलेलं पुस्तक व्हायचं. वर्गातलं सगळ्यात फाटलेलं पुस्तक तेच असायचं. शिक्षकाला फाटलेलं पुस्तक म्हणजे बक्षीस.

दुसरा धडा शेवळ्याचा. हा आपल्या बायकांना लगेच कळेल. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की विरार स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात. आपण घासाघीस करतो, तेव्हा ती म्हणते, "ताई, काकडं पण घ्या." काकडं म्हणजे ती आंबट, हिरवी फळं. नाही घेतली तर घसा खवखवतो, हे आपल्याला माहीत. का खवखवतो? शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. आंबटानं त्याची खाज मरते.

हे मी वर्गात सांगितलं नाही. एका मुलीच्या आजीला शाळेत बोलावलं. ती आधी यायलाच तयार नव्हती. म्हणाली, "मला लिहिता येत नाही, मी शाळेत काय सांगू?" आली ती दाराबाहेरच बसली. तिला आत आणून चूल मांडली. तिनं शेवळं कशी सोलायची, आतला कुठला भाग टाकायचा, काकडं कधी घालायची हे दाखवलं. मग कडूकंदाचं सांगितलं. तो कंद तसाच खाल्ला तर माणूस आजारी पडतो. त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग खायच्या. मुलांनो, हा प्रयोग घरी करायचा नाही बरं का, तो जाणकारानंच करायचा! पण विचार करा. राख का? पाणी साठवलेलं का नाही, वाहतं का? चकत्या पातळ का? चौथीच्या मुलांनी एकेक कारण शोधून काढलं. विरघळणं, धुऊन जाणं, पृष्ठभाग वाढणं, सगळा विज्ञानाचा पाठ त्या टोपलीत होता. आणि आजी जाताना दारातून ताठ चालत गेली. तिची नात दुसऱ्या दिवसापासून पहिल्या रांगेत बसायला लागली. पुढे ती नर्स झाली.

तिसरा धडा चित्रांचा. वारली चित्रं आता सगळ्या जगाला माहीत आहेत. कुर्त्यावर असतात, कपबशीवर असतात. पण मूळ चित्र लग्नघरातलं. कारवीच्या कुडाची भिंत, शेणामातीनं सारवलेली, वर गेरू. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून मऊ केलेली. लग्नातला चौक सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. चित्र हे पूर्वी बायकांचंच काम. पुढे १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर, कापडावर आणलं आणि जगभर नेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते आमच्याच तालुक्यातले.

चित्रांचा धडा घेण्याआधी मी पाड्यावरच्या एका धवलेरीला विचारलं, की शाळेच्या भिंतीवर काय काढू? ती म्हणाली, "झाडं काढा, नाच काढा, शेत काढा, गुरं काढा. चौक काढू नका. तो लग्नाचा आहे, खेळायचा नाही." आम्ही चौक काढला नाही. मला वाटतं, हाही एक धडाच होता. दुसऱ्याची संस्कृती शिकायची म्हणजे तिथलं सगळं आपण उचलून आणायचं असं नाही. काही दारं त्यांनी उघडली तरच आत जायचं.

पण बाकीच्या चित्रातून भूमिती अशी शिकवता आली म्हणून सांगू! दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस. वरचा त्रिकोण मोठा की खालचा, यावर माणूस वाकलेला की ताठ, ओझं घेतलेला की नाचणारा. नाचणाऱ्या माणसांचं वेटोळं काढायचं तर मधोमध दोरी धरायची आणि हळूहळू सोडत जायची. कंपासपेटी लागत नाही. काडी प्रत्येकानं स्वतः चावून करायची. जाड टोक झालं तर रेघ जाड येते, मग पुन्हा चावा. पट्टीनं रेघ मारणाऱ्या मुलापेक्षा ही काडी धरणारं मूल रेघेकडे जास्त लक्ष देतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

चौथा धडा मात्र मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. तो होता मापांचा. पुस्तकात लिटर आणि किलो. घरात शेर आणि पायली. चार शेरांची पायली, सोळा पायलींचा मण, वीस मणांची खंडी. मी घरून शेर आणि पायली आणायला सांगितली. आधी पाण्यानं, मग वाळूनं भरून मोजलं. चारचा पाढा कुणाला पाठ करायला लागलाच नाही. मग मी चौथीला एक गणित घातलं. कणगीत चार मण तांदूळ आहे. घरात रोज दोन शेर शिजतो. तांदूळ किती दिवस पुरेल?

मुलं कामाला लागली. चार मणांचे चौसष्ट पायली, म्हणजे दोनशे छप्पन्न शेर. रोज दोन शेर, म्हणजे १२८ दिवस. उत्तर बरोबर. मी पुढच्या गणिताकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा बोटांवर महिने मोजत होता तो म्हणाला, "बाई, म्हणजे दिवाळीला धरलं तर होळीला संपतं." वर्ग गप्प झाला. मग तोच म्हणाला, "म्हणून आम्ही भट्टीला जातो."

मंडळी, हे गणित कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पहिला पाऊस होळीनंतर तीन महिन्यांनी, नवं भात त्याच्याही पुढे चार महिन्यांनी. मधले दिवस काय खायचं? म्हणून दिवाळी झाली, तारपा वाजायचा थांबला, की पाडे रिकामे व्हायचे. मालकाकडून आधीच पैसे उचललेले असायचे. आईबाप, लेकरं, कोंबड्या, भांडी, सगळं ट्रकमध्ये. भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर. माझा वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर अर्धा व्हायचा. गेलेली मुलं उन्हाळ्याच्या शेवटी परत यायची, अक्षरं विसरून. ज्या घरात म्हातारं माणूस मागे राहायला तयार होई, तिथलं मूल आम्ही ठेवून घ्यायचो. शाळेत दुपारचं जेवण मिळतं, रात्रीचं आजी बघेल, असं आईबापांना सांगायचो. कधी जमायचं, कधी नाही.

यावर गावातले लोक काय म्हणायचे, तेही सांगितलं पाहिजे. एक बाप मला सरळ म्हणाला, "बाई, टोपली मी घरी शिकवीन. तुम्ही त्याला वाचायला शिकवा. तुमच्या पोरांना शाळेत टोपल्या विणायला लावता का?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. आदिवासी मुलाला फक्त नाच, चित्र आणि टोपली, आणि आपल्या मुलाला इंग्रजी आणि कोडिंग, असं कुणी करत असेल तर तो अन्याय आहे. मी त्याला त्याच्या मुलाची वही दाखवली. शेर-पायलीवरून निघालेलं गणित लिटर आणि मिलिलिटरपर्यंत गेलेलं होतं, डोसीवरून निघालेलं वाचन पुस्तकातल्या धड्यापर्यंत आलेलं होतं. घरचं ज्ञान म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर बसून राहायचं नसतं, पण तो ओलांडल्याशिवाय आतही जाता येत नाही. त्यानं वही उलटसुलट बघितली आणि पुढे तो स्वतः बांबू घेऊन आला, मुलांना मोजमाप शिकवायला.

आज हे सगळं कायद्यातही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की शिकणं कृतीतून, शोधातून व्हावं आणि शक्य तितकं मातृभाषेतून व्हावं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे पाचवीपर्यंत तरी घरची भाषा, असं म्हटलं आहे. कागद चांगला आहे. पण कागदाला वर्गात उतरवायला त्या मुलाच्या आजीला दारातून आत बोलवावं लागतं, आणि तो आदेश वरून येत नाही.

आता आपला संबंध. आपल्या नळाला येतं ते सूर्या नदीचं पाणी. सूर्येवरचं धामणी धरण तिकडचंच, आदिवासी तालुक्यातलं. या इमारतीच्या भिंती विटांच्या. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी त्या विटा कुठल्या भट्टीवर भाजल्या, बिल्डरलाही आठवणार नाही. पण आसपासच्या भट्ट्यांवर तेव्हा कोण राबत होतं, ते मला माहीत आहे, कारण त्यांच्या मुलांच्या हजेरीपुढे मी तेव्हा गैरहजेरीची खूण करत होते. आज रौप्यमहोत्सवात आपण बिल्डर, आर्किटेक्ट, पहिली कमिटी या सगळ्यांचे आभार मानतो आहोत. मानलेच पाहिजेत. त्या यादीत एक ओळ त्यांचीही असावी.

आणि आपल्या मुलांचं काय? परीक्षा संपली की 'प्रोजेक्ट' येतो. थर्माकोल बाबा कापतात, चित्रं आई चिकटवते, नाव मुलाचं! पुढे बसलेले सगळे हसताहेत, म्हणजे खरं आहे. पाड्यावरचं मूल हातानं सगळं करत होतं, त्याला पुस्तकाचा रस्ता हवा होता. आपल्या मुलापाशी पुस्तकांचा ढीग आहे, त्याचे हात रिकामे आहेत. दोघांनाही अर्धीच शाळा मिळते.

म्हणून कमिटीकडे तीन मागण्या. खजिनदार, घाबरू नका, खर्च फार नाही.

एक, पार्किंगच्या भिंतीवर स्टेन्सिलनं वारली नाच रंगवला आहे. छान दिसतो. पण त्यात मधोमध तारपावाला नाही! दुधीचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडाच्या पानांचा तो लांबलचक तारपा वाजतो, त्याच्या सुरावर पावलं बदलतात, आणि नाचणारा त्याच्याकडे पाठ करत नाही. आपल्या भिंतीवरची माणसं बिचारी कुणाच्या तालावर नाचताहेत कोण जाणे. डहाणूकडचा एखादा वारली कलाकार बोलवू या, त्याला त्याचा पूर्ण मोबदला देऊ या, आणि आपली मुलं त्याच्या हाताखाली, स्वतः चावलेल्या काडीनं, ती भिंत पुरी करतील.

दोन, सोसायटीचं वाचनालय आहे. त्यातली दोन-दोन असलेली गोष्टींची पुस्तकं एखाद्या पाड्यावरच्या शाळेला देऊ या. पण फाटकी, जुनी नाहीत. आपण आपल्या नातवाला देऊ अशीच.

तीन, पुढच्या जूनमध्ये स्टेशनबाहेर शेवळं घ्याल तेव्हा मुलांना बरोबर न्या. त्या बाईला "मावशी, ही कशी करायची?" असं मुलांनाच विचारू द्या. ती सांगेल. दहा रुपयांची घासाघीस त्या दिवशी करू नका, कारण ती भाजीबरोबर धडाही देते आहे.

माझी वेळ संपली. सेक्रेटरी घड्याळ बघताहेत, आणि खालून वड्यांचा वासही येतो आहे. प्रश्न असतील तर खाऊन झाल्यावर विचारा. मुलांनी आधी विचारायचं, मोठ्यांनी नंतर.